पोलो जीटी टीएसआय, उजवीकडे काढलेला फाटा आणि भोसरीची कार्यशाळा

माझी फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय २०१४ सालची आहे. चाकणच्या कारखान्यात तयार झालेली ही गाडी पुण्याबाहेर फारशी राहिलेली नाही. १,१९७ सीसीचे चार सिलिंडरचे टर्बो इंजिन, १०५ पीएस शक्ती, १७५ न्यूटनमीटर टॉर्क आणि सात गिअरची, आपोआप गिअर बदलणारी डीएसजी पेटी एवढा तिचा मूळ ऐवज. तिच्यावर गेल्या वर्षी भोसरी एमआयडीसीतील एका लहान कार्यशाळेकडून मी वेगळ्याच मांडणीचा एक्झॉस्ट बसवून घेतला आणि त्यानंतर सुमारे अकरा हजार किलोमीटर गाडी चालवून हे परीक्षण लिहितो आहे. कार्यशाळेचे नाव मुद्दाम देत नाही, कारण कौतुकाबरोबर तक्रारीही आहेत आणि त्यांतील एका तक्रारीबाबत मालकांशी माझे बोलणे अजून संपलेले नाही.

आधी मांडणी सांगतो. मूळ गाडीत टर्बोतून निघालेला वायू त्यातले विषारी घटक कमी करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमधून जातो आणि पुढे गाडीच्या पोटाखालून धावणाऱ्या एकाच नळीतून, मधल्या आवाज दाबणाऱ्या कक्षातून होत, मागच्या सायलेन्सरपर्यंत पोहोचतो. माझ्या गाडीत कन्व्हर्टर आणि दोन्ही ऑक्सिजन सेन्सर जागच्या जागी ठेवले आहेत. दुसऱ्या सेन्सरच्या पुढे मात्र नळीला रस्त्याला फुटावा तसा फाटा काढलेला आहे. त्याची एक शाखा ६३ मिलिमीटर व्यासाची असून ती नेहमीच्या वाटेने मागे नव्या सायलेन्सरकडे जाते. दुसरी आखूड शाखा उजवीकडे वळून मागच्या दाराखालून, मागच्या चाकाच्या थोडे अलीकडे बाहेर निघते. या आखूड शाखेत विजेवर चालणारा बटरफ्लाय व्हॉल्व्ह, म्हणजे दांड्यावर फिरणाऱ्या चकतीची झडप आहे. तो मिटलेला असला की गाडी सभ्य असते आणि उघडला की वायू सायलेन्सरला वळसा घालून थेट बाहेर पडतो.

शर्यतीच्या गाड्यांत बाजूने धूर सोडण्याची पद्धत जुनी आहे आणि तिची कारणे साधी आहेत: नळी आखूड होते, वजन कमी होते, गाडीच्या मागच्या भागात जागा मोकळी राहते. आपल्याकडे मात्र बाजू निवडण्याची मोकळीक नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ नुसार धूर खाली किंवा डावीकडे सोडता येत नाही, तो मागे किंवा उजवीकडेच सोडावा लागतो. पदपथ आणि बसथांबा डाव्या हाताला असलेल्या देशात हे शहाणपणाचेच आहे. मालकांना हा नियम तोंडपाठ होता, आणि एक्झॉस्टची नळी इंधनाच्या नळीपासून किमान ३५ मिलिमीटर दूर असावी हा पुढचा नियमही ठाऊक होता. गाडी रॅम्पवर असताना त्यांनी ते अंतर माझ्यासमोर मोजून दाखवले, ते साठ मिलिमीटरच्या पुढे भरले. इंधनाची टाकी जवळ असल्याने तिच्या आणि फाट्याच्या मध्ये ॲल्युमिनियमचा उष्णतारोधक पत्राही बसवला आहे. एवढी काळजी घेणारा माणूस पुढे ज्या गोष्टीत ढिला पडला तिच्याविषयी नंतर लिहितो.

टर्बो गाडीच्या एक्झॉस्टविषयी आपल्याकडे एक गैरसमज घट्ट बसलेला आहे, तो असा की इंजिनाला मागून थोडा दाब लागतोच, नाहीतर कमी फेऱ्यांवरचा जोर जातो. टर्बो इंजिनाच्या बाबतीत टर्बाइनच्या, म्हणजे टर्बोतील धुराने फिरणाऱ्या चाकाच्या, मागे दाब हवा असे म्हणण्याला कसलाही आधार नाही. टर्बाइन फिरते ते तिच्या पुढच्या आणि मागच्या दाबांतील फरकामुळे, त्यामुळे मागचा दाब जितका कमी तितके तिचे काम सोपे. हा दाब मोजता येतो, आणि या कार्यशाळेची मला सर्वांत आवडलेली गोष्ट म्हणजे त्यांनी तो काम सुरू करण्यापूर्वीच मोजला. नळीला एक जादा बूच वेल्ड करून, त्यातून तांब्याची बारीक नळी काढून तिला दाबमापक जोडला. पूर्ण थ्रॉटलवर, इंजिन मिनिटाला ५,००० फेऱ्या घेत असताना, मूळ एक्झॉस्टमध्ये ३.४ पीएसआय दाब होता. नवी मागची शाखा बसल्यावर तो १.६ झाला आणि व्हॉल्व्ह उघडल्यावर ०.७.

हे तीन आकडे नीट वाचले तर सगळा व्यवहार उलगडतो. दाबातील मोठी घट मागच्या रुंद नळीनेच मिळवून दिली आहे. बाजूच्या फाट्याने, ज्याच्यासाठी मी हौसेने गेलो होतो आणि ज्याच्यावर एकूण खर्चाचा जवळजवळ तिसरा हिस्सा गेला, त्याने जेमतेम ०.९ पीएसआयची भर घातली. शिवाय या इंजिनाचा संगणक बूस्टचे, म्हणजे टर्बो इंजिनात कोंबतो त्या हवेच्या दाबाचे, लक्ष्य स्वतः ठरवतो. मागचा दाब कमी झाला आणि टर्बाइन सहज फिरू लागली की तो वेस्टगेट, म्हणजे धूर टर्बाइनला टाळून पुढे सोडणारी झडप, थोडा अधिक उघडतो आणि बूस्ट ठरलेल्या जागीच आणून ठेवतो. त्यामुळे रीमॅप, म्हणजे संगणकाच्या आज्ञावलीत बदल, न करता केवळ नळ्या बदलून कमाल शक्ती फारशी वाढत नाही, बूस्ट लवकर येतो इतकेच. गाडीच्या संगणकातून मिळणाऱ्या (ओबीडी) नोंदींवरून तिसऱ्या गिअरमध्ये १,५०० फेऱ्यांपासून पूर्ण बूस्ट येईपर्यंतचा वेळ मी अनेकदा मोजला. पूर्वी तो सरासरी १.६ सेकंद होता, आता व्हॉल्व्ह मिटलेला असताना १.३ सेकंद आहे. व्हॉल्व्ह उघडून घेतलेल्या नोंदी यापेक्षा वेगळ्या काढता आल्या नाहीत, फरक असलाच तर तो एका नोंदीपासून दुसऱ्या नोंदीच्या चढउतारात बुडून जातो. कानाला मात्र गाडी दुप्पट वेगवान वाटते. कान हे वेग मोजण्याचे फार खोटे साधन आहे.

रीमॅप मी करून घेतला नाही. या गाडीतील कोरड्या क्लचच्या डीएसजी पेटीची टॉर्क पेलण्याची मर्यादा २५० न्यूटनमीटर आहे आणि दहा वर्षे चाललेल्या पेटीला त्या मर्यादेच्या आसपास नेण्याची मला हिंमत होत नाही. मालकांनी एकदाही आग्रह केला नाही, उलट पेटीची दुरुस्ती एक्झॉस्टपेक्षा महाग पडेल असे स्वतःहून सांगितले. धंद्यात इतके सरळ बोलणे दुर्मीळ आहे.

आता कामाच्या दर्जाविषयी. नळ्या ३०४ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलच्या आहेत. त्या जोडणारे मिस्त्री पूर्वी दूध प्रकल्पांच्या पाइपलाइनवर आर्गन वेल्डिंग करत होते, आणि ते काम पाहताक्षणी ओळखू येते. दुधाच्या नळीत आतल्या बाजूला सांध्यावर खरखर राहिली तर तिथे घाण साचते, म्हणून त्या कामात नळीच्या आतही आर्गन सोडून सांधा दोन्ही अंगांनी स्वच्छ ठेवावा लागतो. तीच सवय त्यांनी इथे आणली आहे. फाट्याचा सांधा जोडून झाल्यावर, पुढचे तुकडे लावण्याआधी, त्यांनी मला आत बॅटरी मारून पाहायला सांगितले. आतून काळी, साखरेसारखी दाणेदार झालेली धातू कुठेही नव्हती. बाजारातल्या बऱ्याच महागड्या एक्झॉस्टमध्ये इतके स्वच्छ काम दिसत नाही.

३०४ स्टीलची एक खोड मात्र आहे. मूळ सायलेन्सरसाठी वापरल्या जाणाऱ्या स्वस्त, चुंबक चिकटणाऱ्या स्टीलपेक्षा ते उष्णतेने बरेच अधिक लांबते. दोन मीटर नळी ४०० अंशांनी तापली तर साधारण १४ मिलिमीटर वाढते आणि ही वाढ कुठेतरी सामावून घ्यावी लागते. मागच्या शाखेत त्यासाठी लवचीक जाळीदार तुकडा आहे. बाजूच्या शाखेत तो नव्हता, कारण ती आखूड आहे. पण फाट्याचा सांधाच मागे सरकतो आणि ही शाखा बाहेरच्या टोकाला ब्रॅकेटने जखडलेली, म्हणून दुसऱ्या महिन्यात ब्रॅकेटला तडा गेला. त्यांनी विनाशुल्क नवा ब्रॅकेट रबरावर टांगून दिला. चूक झाली आणि ती त्यांनी मान्य केली, विषय तिथेच संपला.

खरी कथा घरघरीची आहे. व्हॉल्व्ह मिटलेला असतानाही पहिल्या आठवड्यात मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर गाडी नकोशी झाली. ताशी १०० किलोमीटरला सातव्या गिअरमध्ये इंजिन साधारण २,२०० फेऱ्यांवर असते आणि नेमक्या त्याच ठिकाणी केबिनमध्ये एक जड, छातीत भरणारा घुमार उठत असे. उर्से टोलनाका येईपर्यंत डोके दुखू लागायचे. चार सिलिंडरच्या इंजिनात दर फेरीला दोन स्फोट होतात, त्यामुळे २,२०० फेऱ्यांना एक्झॉस्टमधील ठोक्यांची वारंवारता ७३ हर्ट्झच्या आसपास येते, आणि मधला मूळ कक्ष काढून रुंद नळी टाकल्यामुळे ती वारंवारता दाबणारे काही उरले नव्हते.

अशा वेळी बहुतेक ठिकाणी आणखी एक सायलेन्सर डब्बा सुचवतात. इथे त्यांनी नळीला आडवी, टोक बंद असलेली दुसरी नळी जोडण्याचा उपाय काढला. तिची लांबी त्या आवाजाच्या लहरीच्या पाव हिश्शाइतकी ठेवली की आत गेलेली लहर बंद टोकावर आपटून उलटी परतते आणि येणाऱ्या लहरीला मारते. वायूचा प्रवाह कुठेही अडत नाही, त्यामुळे मागचा दाब वाढत नाही. आवाजाचा वेग हवेच्या तापमानाबरोबर वाढतो, साध्या हवेत तो सेकंदाला ३४० मीटरच्या घरात असतो, तर ३०० अंश तापलेल्या वायूत ४८० च्या आसपास. मालकांनी हा दुसरा आकडा धरून १.६५ मीटरची नळी कापली, ती मागच्या ॲक्सलच्या पुढे दोनदा दुमडून कशीबशी बसवली आणि आम्ही चाचणीला निघालो. घुमार २,२०० वर जशास तसा होता. मात्र १,९०० फेऱ्यांना, जिथे कधी तक्रार नव्हती, गाडी विलक्षण शांत झाली होती.

मला वाटले पैसे पाण्यात गेले. मिस्त्रींनी परत येऊन गाडी गरम असतानाच बंद नळीच्या टोकाला ओल्या फडक्याने हात लावून पाहिला आणि म्हणाले, "साहेब, ही तर थंड आहे." मुद्दा तिथेच होता. बंद नळीतला वायू वाहत नाही, तो तिथेच पडून राहतो आणि खाली रस्त्यावरच्या वाऱ्याने निवतो, त्यामुळे आत आवाज आम्ही धरलेल्या वेगाने धावतच नव्हता. निवलेल्या वायूसाठी तीच लांबी ६२ हर्ट्झला जुळते, आणि १,९०० फेऱ्यांची वारंवारता जवळपास तेवढीच आहे. मग दर वेळी पाच-सहा सेंटिमीटर कापायचे, टोक पुन्हा बंद करायचे आणि देहूरोडपर्यंत जाऊन यायचे, असे करत लांबी १.४ मीटरवर आणली. चौथ्या फेरीला घुमार गेला तो आजतागायत परत आलेला नाही. या कामाचे त्यांनी केवळ साहित्याचे पैसे लावले. संपूर्ण एक्झॉस्टमध्ये पैसे वसूल झाले असे मी ज्या एका वस्तूबद्दल बिनदिक्कत म्हणेन, ती ही दुमडलेली, दिसायला बेढब आणि कुणाला दाखवण्यासारखी नसलेली नळी आहे.

व्हॉल्व्हबद्दल मात्र असे काही म्हणता येत नाही. तो मिटल्यावरही कडेने थोडा वायू सुटत राहतो. सुरुवातीला हे जाणवले नाही. पण सिग्नलला उभे असताना मागच्या उजव्या खिडकीतून वास येतो अशी तक्रार मुलीने केली तेव्हा मी वाकून पाहिले, तर नळीच्या तोंडाशी हात धरल्यावर गरम झुळूक लागत होती. डोकेदुखीपुरता हा विषय नाही. एक्झॉस्टमध्ये कार्बन मोनॉक्साइड असतो, त्याला वास नसतो, आणि थंड गाडी सुरू केल्यावर कन्व्हर्टर तापेपर्यंत तो अधिक असतो. दाराखाली तोंड उघडणाऱ्या नळीबाबत हा धोका मालकांनी मला आधीच सांगायला हवा होता. शेजारी थांबलेल्या दुचाकीस्वाराच्या पोटरीवर ती झुळूक जाते ही गोष्ट वेगळीच. एका रिक्षावाल्याने मला नळस्टॉपच्या चौकात जे सुनावले ते इथे लिहिण्यासारखे नाही, पण त्यातला एकही शब्द चुकीचा नव्हता.

पावसाळ्यात दुसरे दुखणे सुरू झाले. तोंड बाजूला आणि जमिनीजवळ असल्याने चाकांनी उडवलेले पाणी व चिखल थेट व्हॉल्व्हपर्यंत जातो. तापणे आणि भिजणे यांच्या फेऱ्यांत त्याचा दांडा आवळला आणि ऑगस्टमध्ये एका सकाळी तो अर्धवट उघडा अडकला. मी तशीच गाडी सोसायटीच्या फाटकातून बाहेर काढली तेव्हा पहारेकऱ्याने दचकून खुर्ची सोडली. सोसायटीत आणि चौकात तोंड दाखवणे कठीण करणारा आवाज किती असतो हे कळावे म्हणून नंतर मी ध्वनिमापक भाड्याने आणला. नळीच्या तोंडापासून अर्धा मीटरवर, ४५ अंशांत, ३,००० फेऱ्यांना व्हॉल्व्ह मिटलेला असताना ८४ डेसिबल आणि उघडा असताना १०१ डेसिबल भरले. निवासी भागात दिवसा परिसराची मर्यादा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. अंतरामुळे ही तुलना थेट होत नाही, हे मान्य करूनही शेजाऱ्यांचे म्हणणे मला कळते.

आता तो मुद्दा, ज्यात मालक ढिले पडले. बिलावर त्यांनी "फक्त ट्रॅकवरील वापरासाठी" असा शिक्का मारला आणि त्यावर आपली जबाबदारी संपली असे मानले. परंतु गाडी एमएच १४ क्रमांकाची, रोज रस्त्यावर धावणारी आहे हे त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलांपासून वेगळा होईल असा बदल गाडीत करता येत नाही आणि जानेवारी २०१९ मध्ये केरळमधील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ही तरतूद कडकपणे वाचली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर असा बदल करणाऱ्या गाडीमालकाला दर बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते, तर ध्वनी व हवेच्या प्रदूषणाची मानके मोडल्यास पहिल्या गुन्ह्याला १०,००० रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, शिवाय तीन महिने परवाना अपात्र. जप्त केलेले सायलेन्सर पोलीस रोडरोलरखाली चिरडतात ती छायाचित्रे आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. अशा वेळी दंड भरायचा आणि परवाना गमवायचा तो ग्राहकाने, शिक्का मारणाऱ्याने नव्हे. मला हे ठाऊक असायला हवे होते, हे खरेच. तरीही इंधननलिकेचे अंतर मिलिमीटरमध्ये मोजणाऱ्या माणसाकडून मी हा प्रश्नही तितक्याच स्पष्टपणे मांडला जाण्याची अपेक्षा ठेवली होती.

पीयूसीची अडचण आली नाही. कन्व्हर्टर जागेवर आहे आणि फाटा दोन्ही सेन्सरच्या पुढे काढला असल्याने इंजिनाच्या संगणकाला काही बिघडल्याचे कळतही नाही. सेन्सरच्या अलीकडे सांधा गळका राहिला असता तर बाहेरची हवा आत ओढली जाऊन मिश्रण पातळ आहे असा खोटा निष्कर्ष निघाला असता, इंजिन जादा पेट्रोल टाकू लागले असते. सुमार कामात हे सर्रास होते. इथे तसे झाले नाही. इंधनाच्या सरासरीत मला फरक दिसला नाही.

व्हॉल्व्ह उघडून मी गाडी मोकळेपणाने चालवली ती एकदाच, आमच्या ओळखीच्या काही हौशी लोकांनी वर्गणी काढून एका दिवसासाठी घेतलेल्या खासगी धावपट्टीवर. मोठी कायमची सर्किटे चेन्नई, कोइम्बतूर आणि ग्रेटर नोएडाकडे, त्यामुळे पुण्याच्या माणसाला अशाच जागा शोधाव्या लागतात. आवाज सुंदर होता हे नाकारणार नाही. टर्बाइन स्फोटांचे ठोके बरेचसे गिळून टाकते, म्हणून सायलेन्सर टाळूनही तो कर्कश होत नाही. खालून खर्जात सुरू होतो, ४,००० च्या पुढे ताणलेल्या कापडासारखा फाटतो आणि थ्रॉटल सोडला की शेवटी एक छोटी फुंकर ऐकू येते. दिवसभरात सहा फेऱ्या मारल्या. व्हॉल्व्ह उघडा आणि मिटलेला असतानाच्या वेळांत हाताच्या घड्याळाने पकडता येईल असा फरक नव्हता.

पैशांचे सांगायचे तर पहिला अंदाज ५२,००० रुपयांचा होता आणि अंतिम बिल ७१,४०० झाले. वाढीपैकी उष्णतारोधक पत्रे आणि बंद नळीचे साहित्य मला मान्य आहे. व्हॉल्व्हचा आयात खर्च वाढल्याची सबब बसवून झाल्यावर सांगणे मान्य नाही आणि वर उल्लेख केलेले अपुरे बोलणे ते हेच. चार दिवसांचे काम अकरा दिवस चालले, कारण मध्ये गणपती आले आणि निम्मी माणसे कोकणात गेली. भाद्रपदात भोसरीत गाडी टाकणाऱ्याने हे गृहीत धरलेच पाहिजे, त्यामुळे त्याबद्दल माझी तक्रार नाही.

पोलोच्या पोटाखाली मुळात साडेसहा इंचांची मोकळीक आहे. तिथे फाट्याची नळी गोल न ठेवता चपटी, अंडाकृती केली आहे, त्यामुळे भरलेल्या गाडीने सोसायटीचा गतिरोधक ओलांडताना आजवर ती घासलेली नाही. हे काम करताना त्यांनी मला विचारलेही नाही, स्वतःच करून टाकले.

मागच्या शनिवारी मी गाडी पुन्हा नेली आणि बाजूची शाखा काढून तिथे जाड पत्र्याचे आंधळे झाकण बसवून मागितले. मालकांनी कारण विचारले नाही. मिस्त्रींनी वीस मिनिटांत क्लॅम्प सोडले, नवी पॅकिंग घालून झाकण आवळले, इंजिन चालू ठेवून सांध्यावरून साबणाचे पाणी फिरवले आणि बुडबुडा येत नाही हे मला दाखवले. मजुरी ४०० रुपये घेतली. व्हॉल्व्हसकट ती शाखा वर्तमानपत्रात गुंडाळून डिकीत ठेवली आहे, आणि तिच्या किमतीपैकी काही परत मिळेल का यावर आमचे बोलणे दिवाळीनंतर व्हायचे आहे.